वाचकांचे प्रश्न : बैठकीत तोंड उघडत नाही

प्रश्न : आदरणीय ताई, मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (वाळूच्या साच्यांत वितळलेला धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात) गुणवत्ता विभागात इंजिनिअर आहे. घर कागल तालुक्यात, शिक्षण मराठी माध्यमातून. शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालते तिथे, कामगारांशी आणि सुपरवायझरशी मी तासभर वाद घालू शकते. परंतु पुण्याहून ग्राहक कंपनीची माणसे आली, की माझ्या विभागाची माहिती दुसराच कोणी सांगतो आणि मी मान डोलावत बसते. एकदा बोलण्याच्या ओघात 'मी रोज स्वतः तपासतो' असे आपल्याकडच्या पद्धतीने बोलून गेले, तेव्हा पाहुण्यांपैकी एक जण हसला. तेव्हापासून जीभ अधिकच जड झाली आहे. बढतीसाठी 'प्रेझेंटेशन सुधारा' असे वरिष्ठ सांगतात. आत्मविश्वास आणायचा कोठून?
– एक वाचक, कागल

उत्तर : जी मुलगी ओतकाम थांबवण्यासाठी सुपरवायझरशी तासभर भांडते, तिच्याजवळ आत्मविश्वास नाही, हे मला मान्य नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली मांडले, की 'हे मला जमेल' हा विश्वास त्या त्या कामाशी बांधलेला असतो आणि तो चार वाटांनी येतो: ते काम स्वतः करून पाहणे, आपल्यासारख्या कोणाला ते करताना पाहणे, विश्वासातल्या माणसाने धीर देणे आणि छातीतल्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिली वाट सर्वांत पक्की. तुमच्या बाबतीत नेमकी तीच बंद आहे, कारण प्रत्येक वेळी दुसरा बोलतो आणि तुम्ही सुटकेचा श्वास टाकता. ती सुटका गोड लागते, म्हणूनच पुढच्या वेळी गप्प बसणे आणखी सोपे होते.

त्यामुळे पुढच्या भेटीआधी वरिष्ठांकडे एकच गोष्ट मागा: बाद मालाचा मासिक अहवाल दोन मिनिटांत मी सांगेन. संपूर्ण प्रेझेंटेशन मागू नका. ही मागणी ई-मेलने करा, म्हणजे ऐनवेळी कोणी परस्पर बोलायला उठणार नाही. बढतीसाठी बोलणे सुधारा म्हणणाऱ्या वरिष्ठांनी बोलण्याची पाळीही द्यायला हवी. सगळा दोष स्वतःकडे घेण्याचे कारण नाही.

आता त्या दोन मिनिटांत काय बोलायचे, ते पाहू, कारण माझ्या मते खरी गोम इथेच आहे. बैठकीत घाबरलेला माणूस साधारण असे बोलतो: 'सर, म्हणजे मागच्या महिन्यात काय झालं, की पाऊस सुरू होता, मग सँडचा जरा प्रॉब्लेम येत होता, तर आम्ही लॅबला कळवलं, त्यांनी सांगितलं की...' समोरचा मुद्द्याची वाट पाहत कंटाळतो, घड्याळाकडे पाहतो आणि ते पाहून बोलणारा आणखी गडबडतो. तीच माहिती अशी सांगता येते: 'या महिन्यात ब्लोहोलमुळे (आत अडकलेल्या वायूच्या पोकळ्यांमुळे) बाद झालेली कास्टिंग (ओतीव भाग) वाढली. वाळूतला ओलावा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त राहिला, हे त्याचे कारण. आता प्रत्येक पाळीत दोनदा ओलावा मोजला जातो आणि नोंद शॉपवरच्या फलकावर लागते.' आधी काय झाले, मग का झाले, शेवटी काय केले. पावसाची हकिगत कोणी विचारली तर सांगावी. गंमत अशी, की शॉपवर तुम्ही नेमके असेच बोलत असणार. 'हा बॉक्स ओतू नका, वाळू ओली हाय' या वाक्यात निर्णय आधी आहे आणि कारण मागून. बैठकीत आदर दाखवण्याच्या भरात आपण लांबून सुरुवात करतो आणि वाटेतच अडकतो.

हसण्याविषयी थोडेच लिहिते. 'मी जातो, मी करतो' असे कोल्हापुरात आया, आज्या, शिक्षिका, डॉक्टर सगळ्याच बोलतात. हसणे हा त्या पाहुण्याचा उथळपणा होता. औपचारिक बैठकीत प्रमाण रूप वापरावेसे वाटले, तर जरूर वापरा, सवयीने ते येतेही. परंतु बोलता बोलता प्रत्येक क्रियापदावर पहारा ठेवाल, तर आकडा चुकेल, आणि तपासणीला आलेला माणूस आकडाच वहीत लिहून नेतो. इंग्रजीचेही तसेच. समोरची मंडळी मराठी असतील, तर 'मराठीत सांगितले तर चालेल ना?' असे सुरुवातीलाच विचारून टाका.

आवाजाच्या थरथरीची धास्ती वाटत असेल, तर २००३ साली केनेथ सॅव्हिट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी प्रसिद्ध केलेले प्रयोग ध्यानात ठेवा. भाषण करणाऱ्यांना आपली घबराट जितकी उघड दिसते असे वाटत होते, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नव्हती. आणि ही गोष्ट ज्यांना आधीच सांगितली होती, त्यांची भाषणे अधिक चांगली ठरली. सरावासाठी कोल्हापूर शहरात जागा आहेतच. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात व्याख्यान असेल, तेव्हा शेवटी उभे राहून एक प्रश्न विचारा. तिथे बढती पणाला लागलेली नसते.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. घरात बडबडतो, चारचौघांत गप्प. व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका वर्गाने सांगितले, की संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के असतो, उरलेले ९३ टक्के देहबोली आणि आवाज. फी भरपूर आहे. घालावे का?
– एक शेतकरी पालक, गडहिंग्लज

उत्तर : त्या आकड्यावर फी भरू नका. तो अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आला आहे आणि त्यांत सुटे शब्द, ते उच्चारण्याचा स्वर आणि चेहऱ्यांची छायाचित्रे वापरून बोलणाऱ्याच्या भावना लोक कशा ओळखतात, एवढेच तपासले होते. सर्व संवादाला हे प्रमाण लागू नाही, असे मेहराबियन यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केले. तसे नसते, तर कन्नड न येणाऱ्या माणसालाही धारवाडातले भाषण ९३ टक्के समजायला हवे होते!

वर्ग चांगला की वाईट, हे फीवरून नव्हे, तर तुमच्या मुलाला तिथे किती वेळ उभे राहून बोलायला मिळेल आणि त्यानंतर त्याला नेमके काय सुधारायचे ते कोणी सांगेल का, यावरून ठरवा. दोन तासांच्या तासिकेत साठ मुले असतील, तर शिक्षकांनी स्वतः एक शब्दही न बोलता प्रत्येकाला दोनच मिनिटे येतात. शिक्षकांनी लिहून दिलेले भाषण पाठ करून वक्तृत्वाचे बक्षीस आणलेल्या, पण उलट प्रश्न येताच गडबडलेल्या मुलांची पत्रे माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून त्या वाटेचाही मला फारसा भरवसा वाटत नाही.

त्यापेक्षा पीक कर्जाच्या नूतनीकरणासाठी जाल, तेव्हा त्याला बरोबर न्या. कागदपत्रे आदल्या रात्री त्याच्याकडूनच लावून घ्या, कोणते व्याज, कोणती मुदत, हे त्याला समजावून सांगा आणि खिडकीवर त्यालाच बोलू द्या. तो अडखळेल, कदाचित एखादा कागद द्यायचा विसरेल. मध्ये पडू नका. साहेबांनी तुमच्याकडे पाहून प्रश्न विचारला, तरी उत्तर मुलालाच देऊ द्या.