बँडच्या कार्यक्रमात टी-शर्ट विकायचे, तर किती छापावेत?

सांगलीत तुमचा चौघांचा बँड आहे, गाणी तुमची स्वतःची, आणि पुढच्या कार्यक्रमासाठी शंभर टी-शर्ट छापावेत का, असं तुम्ही विचारलंय. शंभर नका, तीस छापा.

मी मिरजेचा. भावाच्या बँडचा स्टॉल चार वर्षं सांभाळतोय. पहिल्या वेळी सगळ्या साइज सारख्याच काढल्या. एम आणि एल हातोहात गेले, स्मॉल आणि डबल एक्सएल दिवाळीपर्यंत कपाटात पडून. तिसात एल बारा, एम दहा, एक्सएल सहा, स्मॉल दोन पुरेत.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये दर रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे जाळीची चौकट, लागते. तो खर्च तीसच शर्टांवर पडतो, म्हणून चित्र एका रंगाचं ठेवा. डीटीएफवर, म्हणजे चित्र आधी फिल्मवर छापून मग गरम दाबानं शर्टावर चिकटवतात त्या पद्धतीत, कितीही रंग चालतात, पाच शर्टसुद्धा करून मिळतात, पण छपाईचा मोठा ठोकळा छातीवर प्लास्टिकसारखा लागतो, घाम जिरत नाही. कापड सुती, १८० जीएसएमचं (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं) घ्या आणि सगळा लॉट छापण्याआधी एक शर्ट घरी दोनदा धुऊन बघा.

चित्र आपल्या मुलखाचं असू द्या. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. आम्ही शर्टावर नुसता सतारीचा भोपळा काढला, तोच सगळ्यात जास्त खपला. सिनेमातल्या गाण्याची ओळ मात्र छापू नका, ती दुसऱ्याच्या मालकीची असते.

आत येताना कुणी घेत नाही. कार्यक्रमभर पिशवी कोण सांभाळणार? शेवटचं गाणं संपलं की पुढची पंधरा मिनिटं खरी. टेबल बाहेर पडायच्या वाटेवर लावा, एक शर्ट वर टांगा आणि किंमत लांबून वाचता येईल एवढी मोठी लिहा. भाव विचारून न घेता परत फिरायला आपल्याकडे माणूस संकोचतो, त्यामुळे तो विचारतच नाही. त्या वेळी सगळ्यांचे मोबाईल एकदम सुरू असतात आणि यूपीआय अडकतं, म्हणून किंमत ३९९ नको, ४०० ठेवा आणि सुट्टे जवळ असू द्या.

आणि गायकाला टेबलाशी उभं करा. भाऊ आधी वायरी गुंडाळत बसायचा, तेव्हा चार शर्ट जायचे. तो येऊन उभा राहिला त्या रात्री सतरा गेले. एका आजींनी नातवासाठी शर्ट घेतला आणि भावाच्याच गाण्याचं धृपद भावाला तिथंच म्हणून दाखवलं. वायरी नंतर गुंडाळता येतात.