खिचडी म्हणणाऱ्यांना म्हणू द्या, पण कापड कुठलं ते सांगता आलं पाहिजे

‘जोआना वास्कोन्सेलोस ही पोर्तुगीज शिल्पकार जगभरातून कापडं, नक्षी उचलते, मग तिचं स्वतःचं काय?’ असं तुम्ही विचारलंय. शेवटी हळूच जोडलंय की तुमच्या गोधडी-क्रोशाच्या कामालाही लोक खिचडी म्हणतात. खरा प्रश्न तोच असावा.

तिने सुरुवात घरापासून केली. जन्म १९७१चा, पॅरिसमधला. आईवडील पोर्तुगालमधल्या हुकूमशाहीमुळे परागंदा झालेले. १९७४च्या क्रांतीनंतर कुटुंब लिस्बनला परतलं. उत्तर पोर्तुगालमधल्या वियाना दु कास्तेलू गावचं सोन्याच्या तारकामाचं हृदय तिकडे घरोघरी ओळखीचं. तिने ते माणसाहून मोठं केलं, लाल प्लास्टिकच्या चमच्या-काट्यांचं. लांबून नाजूक तारकाम. जवळ जावं तर काट्याचे दात! ‘नवरी’ हे झुंबर तसंच: लांबून स्फटिक, जवळून हजारो टॅम्पॉन. २०१२ साली फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात तिचं प्रदर्शन भरलं, तिथे असा मान मिळालेली ती पहिली बाई. झुंबर मात्र आत घेतलं नाही. स्टीलच्या पातेल्या-झाकणांचे अवाढव्य सँडल चालले, तेही थेट आरसेमहालात.

२०१३ला व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात तिने लिस्बनची जुनी फेरीबोटच नेली आणि तिच्यावर निळ्या-पांढऱ्या फरशांवर रंगवलेलं लिस्बन चढवलं. या फरशांना म्हणतात ‘अझुलेजू’. शब्द अरबी मुळाचा, निळं-पांढरं वेड चिनी मातीच्या भांड्यांवरून आलेलं. घरचं म्हणावं तेच असं बाहेरून आलेलं, आता बोला!

परकं कापड तिने कसं वापरलं, ते बॉस्टनच्या २०२०च्या कामात बघा. नाव ‘वाल्किरी मंबेट’. वाल्किरी म्हणजे उत्तर युरोपातल्या पुराणकथांमधली वीरांगना. मंबेट म्हणजे मॅसॅच्युसेट्समध्ये १७८१ साली कोर्टात जाऊन गुलामीतून सुटलेली बाई. त्या कामात मोझांबिकची कापुलाना, म्हणजे तिथल्या बायका अंगाला गुंडाळतात ती छापील कापडं आहेत, आणि मोझांबिक १९७५पर्यंत पोर्तुगालचीच वसाहत होती. तिथे ते कापड नुसतं रंगीत म्हणून आलेलं नाही. उलट मकाओच्या कॅसिनो-हॉटेलात तिने टांगलेला अवाढव्य कापडी ऑक्टोपस मला निव्वळ भपका वाटतो.

आता तुम्ही टाकलेला तुमच्या कामाचा फोटो. गोधडीवर क्रोशाची फुलं वरून चिकटवल्यासारखी दिसतात, खिचडी म्हणतात ते त्यामुळेच. गोंद काढा. धावदोरा घालतानाच फुलाची कड त्यात धरत जा, आणि तो तुकडा कुणाच्या लुगड्याचा आहे तेही लिहा. पुढचा फोटो उलट्या बाजूचाही टाका.