नववं पान

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पणजोबांच्या वहीचे फोटो आणि तुझा मसुदा, दोन्ही पोचलं. मी मसुदा आधी वाचला, तिथेच चुकलो. '१९१८ च्या महाभयंकर साथीने एका कर्तबगार पुरुषाचा घास घेतला.' हे वाक्य त्या साली गेलेल्या कुणालाही चिकटवता येईल. बार्शीच्या अडतीवरचा हा दिवाणजी कर्तबगार होता, हे तुला कुणी सांगितलं? वही वेगळंच सांगते. बायकोच्या बांगड्यांचे पैसे त्याने दोन महिने थकवले, तंबाखू मात्र रोख घेतली. मला हा माणूस आवडला.

असा घोळ मीही घातलाय. आजोबांवर लिहायला बसलो तेव्हा आत्याला पहिलाच प्रश्न टाकला, "ते गेले कसे?" ती "तापानं" म्हणाली आणि उठून गेली. वर्षभराने सहज विचारलं, "दुकानातून आल्यावर ते खायचे काय?" तर बाई दोन तास थांबेना. पायरीवर वहाणा आपटून धूळ झाडणं, भाकरीचा पापुद्रा आधी काढून धाकट्याला देणं, सगळं आलं. शेवटी ताप पण आला, न विचारता.

इन्फ्लुएंझाच्या साथीबद्दल तू तीन पानं लिहिलीस, ती एका परिच्छेदात बसव. मानमोडी म्हणायचे लोक तिला. मुंबईत जूनमध्ये आली, पावसाळ्याच्या शेवटी उलटून जास्त जोरात आली, आणि रेल्वेने गावोगाव पोचली. १९११ पेक्षा १९२१ च्या जनगणनेत देशाची माणसं कमी भरली. विसाव्या शतकात असं दुसरं दशक नाही. एवढं पुरे. त्यापेक्षा बार्शीची लाईट रेल्वे घे. अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ साली सुरू झाली, पुढे पंढरपूरला आणि लातूरला पोचली. मोगलाईतला, म्हणजे निजामाच्या मुलखातला, कापूस बार्शीच्या पेठेत यायचा, म्हणून तर तुझ्या पणजोबांच्या हाताला काम होतं. साथही त्याच रुळांवरून आली असेल का? असेल, पण छापू नकोस; तुझ्याकडे पुरावा नाही.

आता नववं पान उघड. मोडी येत नाही म्हणून तू ते ओलांडलंस. आधी आकडे वाच, शब्द मागून. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, हे कागदावर लिहून समोर ठेव. मोडी ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही, तेव्हा तिथे अडू नकोस. वर शके १८४०, आश्विन. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता. ज्वारीचा दर आधीच्या पानांपासून कसा चढत आलाय बघ. मग कोयनेलच्या, म्हणजे क्विनाईनच्या, पुड्या. मग सुंठ. परत कोयनेल. अक्षर इथवर ठाम आहे, एका ओढीतलं, दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिणाऱ्याचं. सुंठीची दुसरी नोंद मात्र ओळ सोडून खाली घसरलीय. दसऱ्याला फुलं नाहीत.

त्याखाली मोडी संपते. पुढची ओळ बाळबोध, म्हणजे देवनागरी, आहे, पाटीवर गिरवल्यासारखी, एकेक अक्षर सुटं: 'लाकडे, गोवऱ्या'. रकमेच्या जागी आकडा लिहून खोडलाय, परत लिहिलाय. हे अक्षर कुणाचं, ते मी सांगायला नको. थोरला तेव्हा बारा वर्षांचा होता, असं तूच मसुद्यात शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलंस. तिथून उचल आणि इथे आण त्याला.

अजून दोन कामं कर. मृत्यूची नोंद काढायला जाशील तर कारणाच्या रकान्यात बहुधा नुसतं 'ताप' सापडेल. तेव्हा बहुतेकांचं तेच लिहीत. त्यावर फार आशा ठेवू नकोस. त्याऐवजी नाशिकला जा. अस्थी रामकुंडात सोडल्या असं तुझी आजी म्हणते ना, मग घराण्याच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत कोण आलं होतं, कुठल्या गावचं, नात्याने कोण, हे उतरलेलं असायची शक्यता आहे. आडनाव आणि मूळ गाव, दोन्ही सांग. बार्शी सांगून भागणार नाही. घराणं बार्शीला आलं कुठून, ते आधी आजीला विचार. आणि उपाध्यायांच्या त्या वहीत पोराची सही मिळाली तर 'लाकडे'मधल्या ल शी ताडून बघ.

नवव्या पानाचा फोटो पुन्हा पाठव. उन्हात नको, खिडकीपाशी सावलीत, वही सपाट ठेवून. उजवा कोपरा तुझ्या अंगठ्याखाली गेलाय, तिथे काहीतरी लिहिलेलं आहे.

तुझा,
काका