एस-100 सारखेच, मग निदान वेगळे का?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या माकडहाडाजवळील गाठीच्या बायोप्सीत ‘एस-100, केराटिन व ब्रॅकियुरी पॉझिटिव्ह, निदान कॉर्डोमा’ असे लिहिले आहे. आधी कूर्चेच्या कर्करोगाची शंका होती. ती का सोडली असावी?

उत्तर : अहवालातील तिन्ही नावे प्रथिनांची आहेत, गाठीच्या तुकड्यावर रंग देऊन ती शोधतात. एस-100 हे प्रथिन कूर्चेच्या गाठींत आढळते आणि कॉर्डोमा या हाडाच्या कर्करोगातही, त्यामुळे केवळ त्यावरून काही ठरत नाही. निर्णायक ठरते ते ब्रॅकियुरी. गर्भावस्थेत कण्याचा आधार असलेल्या नोटोकॉर्डच्या पेशींत हे प्रथिन असते, त्यांच्याच अवशेषांतून कॉर्डोमा उद्भवतो आणि म्हणून या चाचणीत त्याची पेशीकेंद्रे तपकिरी रंगतात. नेहमीच्या कॉन्ड्रोसार्कोमात (कूर्चेच्या कर्करोगात) ती रंगत नाहीत, केराटिनही सहसा दिसत नाही. हाडाचा तुकडा कापता यावा म्हणून तो आम्लात ठेवून त्यातील कॅल्शियम काढतात, आम्ल तीव्र असल्यास प्रथिने बिघडून चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आपल्या अहवालात तिन्ही पॉझिटिव्ह असल्याने ती अडचण येथे दिसत नाही. तरीही शस्त्रक्रियेची आखणी या निदानावरच होणार असल्याने ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा), स्लाइड आणि एमआरआय घेऊन हाडांच्या गाठींचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टचे दुसरे मत अवश्य घ्यावे.