पिठलं आणि ठेचा रविवारी जाणार

*मावशी, जूनमधे आमच्या सोसायटीच्या मीटर रूममधे चार पिल्लं सापडली, नाळ पण वाळली नव्हती. आई सकाळीच गाडीखाली गेली असं वॉचमन म्हणाला. ओढणीत गुंडाळून घरी आणली, नावं ठेवली पिठलं, भाकरी, ठेचा आणि कांदा. पहिल्या रात्री काही सुचलं नाही म्हणून पिशवीच्या दुधात पाणी घालून कापसाने पाजलं. कांदा दुसऱ्या दिवशी गेला. भाकरी सोळाव्या दिवशी, डोळे उघडले होते तिचे, माझ्याकडे बघायची. आता पिठलं आणि ठेचा नऊ आठवड्यांचे झालेत, लस झालीये, आणि रविवारी ठाण्याचं एक जोडपं दोघांना घेऊन जाणारे. घर मीच बघून आले, हो मीच म्हटलं, आणि आता मलाच द्यायचे नाहीयेत. नवरा म्हणतो ठरल्याप्रमाणे दे आणि परत हे नको. सासूबाई म्हणतात मांजराच्या पिल्लासाठी कोणी एवढं रडतं का (आम्हाला मूल नाही, तो विषय वेगळा). दोनच गोष्टी सांग. ते दोघं माझ्या दुधामुळे गेले का? आणि हे दोघं ठेवून घेतले तर मी वाईट का?*
*– मीटर रूमवाली, डोंबिवली*

अगं मीटर रूमवाली,

आधी दुधाचं बोलू, कारण बाकीचं तू एरवीही ऐकून घेणार नाहीस.

गाईचं दूध मांजराच्या पिल्लाला चालत नाही हे खरंय, पचत नाही, जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी जायला वेळ लागत नाही. म्हणून मेडिकलमधे किंवा पेट शॉपमधे पिल्लांची दूध पावडर मिळते ती वापरायची. पण भाकरी त्यानंतर दोन आठवडे जगली ना? वाढली, डोळे उघडले. एका रात्रीचं दूध पंधरा दिवस दबा धरून बसत नाही, त्यामुळे भाकरीचं तर तू डोक्यातून काढूनच टाक. कांद्याचं मी छातीठोक सांगणार नाही, कोणीच सांगू शकत नाही. पण बघ, जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईचा चीक पोटात जावा लागतो, आपण ज्याचा खरवस करतो तोच चीक, रोगाशी लढायची ताकद त्यातून येते. तो किती मिळाला होता कोण जाणे. आणि ती मीटर रूमच्या लादीवर किती वेळ गार पडली होती? गार पडलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही, त्याला कुठलंच दूध पचत नाही, अगदी योग्य पावडरचं सुद्धा. आधी ऊब, मग दूध. हे तुला त्या रात्री माहीत नव्हतं, आता माहितीये, एवढाच काय तो फरक.

माझं सांगते, इथे कधी लिहिलं नव्हतं. मी पण अशी आईविना पिल्लं घरी आणून वाढवते, त्यातल्या माझ्या पहिल्या बॅचमधलं एक पिल्लू मी माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं. दूध गेलं फुप्फुसात. पिल्लाला पालथंच ठेवायचं, आईला पितात तसं पोटावर, मान किंचित वर, हे मला डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. पिल्लू रात्रीच गेलं होतं. मी वाघाच्या मावशीची मावशी म्हणवून घेते आणि माझी सुरवात ही अशी आहे.

आणि ते ‘माझ्याकडे बघायची’. सोळाव्या दिवशी पिल्लाला धूसरच दिसतं गं, निळसर डोळे असतात, नजर अजून बसलेली नसते. ती तुझ्या वासाकडे आणि उबेकडे वळत होती. मला विचारशील तर हे बघण्यापेक्षा मोठं आहे, पण रडायचं तर रड, मी थांबवत नाहीये. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे, रडतात, पुष्कळ लोक रडतात, फक्त बाथरूमचा नळ सोडून. कंसातला विषय तू वेगळा म्हणालीस म्हणून मी पण तो वेगळाच ठेवते. मात्र तुझ्या घरातल्यांनी तो मांजरांना चिकटवला तर ‘तो विषय वेगळा’ हे तिथे पण मोठ्याने म्हणायचं.

आता नवरा. तू नोकरी करतेस की नाही ते लिहिलं नाहीस, पण नवजात पिल्लांना दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्री पण, आणि प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसाने पुसून शी-सू करवावी लागते कारण त्यांना स्वतःहून होत नाही. एकटी बाई हे आठवडेच्या आठवडे करून वर असं शुद्ध मराठीत पत्र लिहू शकत नाही. मग पहाटे तीनचं दूध कोण पाजत होतं? माझा संशय नवऱ्यावर आहे. ज्याने पहाटे तीनला बाटली तोंडाला लावल्यावर पिल्लाचे कान लुटूलुटू हलताना बघितलेत, पुढचे पंजे कणीक तिंबल्यासारखे चालताना बघितलेत, एक थेंब सू झाली म्हणून बायकोला उठवून सांगितलंय, तो माणूस ‘परत हे नको’ म्हणतो तेव्हा भाकरीचं मनात धरून म्हणत असतो. विचार त्याला. अंदाज चुकला तर मला कळव, मी माफी मागेन.

दुसरा प्रश्न. ठेवलेस तर वाईट अजिबात नाहीस. मी पण एक ठेवलाय, नऊ वर्षांचा बोका आहे, आत्ता माझ्या झेरॉक्सवर बसलाय. पण तो ठेवल्यापासून नवीन बॅच आली की तो पलंगाखाली जाऊन दोन दिवस जेवत नाही, म्हणून मला बऱ्याच जणांना नाही म्हणावं लागलं. आणि दोन गेली म्हणून दोन ठेवायची असा हिशोब मनात असेल तर थांब. पिठलं आणि ठेच्याने कोणाची जागा भरायची नोकरी धरलेली नाही.

माझं मत, दे. दोघं एकत्र जातायत हे नशीब समज, पुष्कळदा भावंडांची ताटातूट होते. घर तू बघितलंयस. फक्त खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी आहे का ते परत एकदा फोटो मागवून बघ, ‘लावणारोत’ वर जाऊ नकोस, जाळी लागली की मगच पिल्लं. पाचव्या-सहाव्या महिन्यात नसबंदी करायची हे पण लिहून घे, गोड बोलून घे पण घे. सात घरं फिरवल्याशिवाय मांजर पिल्लांना एका जागी ठेवत नाही म्हणतात, त्यांच्या आईला एकच घर जमलं, दुसरं तू दिलंस, तिसरं ठाण्यात आहे.

रविवारी ती निघतील तेव्हा ती ओढणी बरोबर दे, न धुता. वासाची असली की पहिल्या रात्री कमी ओरडतात. जे खाणं चालू आहे त्याचं आठ दिवसांचं पाकीट दे, एकदम बदललं की पोट बिघडतं. संध्याकाळचं कुठेतरी बाहेर जेवायचं ठरव, कारण घरी असलात तर सात वाजता दोघांपैकी कोणीतरी सवयीने वाट्या काढणार. पुढच्या बॅचचं इतक्यात हो पण म्हणू नकोस आणि नाही पण, फोन आला तर सरळ सांग की सध्या जमणार नाही, कारण द्यायची गरज नाही.

आणि तू किचनच्या काट्यावर रोज वजन करून वहीत लिहीत असणार, सगळे लिहितात, दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढले की जीव भांड्यात पडतो. त्या वहीत कांद्याचे आकडे दुसऱ्या दिवशी थांबले असतील, भाकरीचे सोळाव्या. ठाण्याच्या जोडप्याला डॉक्टरला दाखवायला वही लागेल, तर झेरॉक्स दे. वही तुझ्याकडे राहू दे.

– मावशी