वडील साठीत गेले, म्हणजे माझंही तसंच होणार का?

वडील आणि काका दोघेही साठीच्या आसपास गेले, मग सगळं रक्तातच असेल तर व्यायाम करून काय साधणार, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय, की आई हल्ली कुणात मिसळत नाही. मला ती शेवटची ओळ जास्त महत्त्वाची वाटली, तिच्याकडे येतोच.

जनुकांचा वाटा असतो, पण ती काही जन्मठेप नव्हे. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या १९९६ सालच्या अभ्यासात आयुर्मानातल्या फरकांपैकी साधारण चौथा हिस्सा आनुवंशिक निघाला. पुढच्या अभ्यासांत हा आकडा वर-खाली झाला, पण जनुकं तंतोतंत सारखी असलेली जुळी भावंडंही एकाच वयात जात नाहीत, एवढं नक्की. मात्र वडील-काका हृदयविकाराने गेले असतील, तर कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब आजच तपासून घ्या. काही घराण्यांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच जास्त असतं आणि त्यावर चांगली औषधं आहेत.

आता उरलेला वाटा. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. माणसं एकाच शहरातली, नोकरी कायमची, उपचार सरकारी आरोग्यसेवेतून मोफत. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट! धूम्रपान, रक्तदाब वगैरे धरूनही हा फरक पुरता उलगडला नाही. त्यातही मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे ही दरी फक्त गरीब-श्रीमंतांमधली नव्हती. वरून दुसऱ्या पायरीवरचेसुद्धा पहिल्या पायरीपेक्षा मागे होते. आपल्या कामावर आपला ताबा किती, हा प्रश्न पुढच्या संशोधनात वारंवार आला.

हे शरीरात उतरतं कसं? ताण रोजचाच झाला की कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची लय बिघडते, रक्तदाब चढा राहतो, अंगात मंद दाह धुमसत राहतो. त्यातून रक्तवाहिन्या कडक होतात, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन अभ्यासात सगळे १९७२-७३ चे जन्म. ३८ व्या वर्षी त्यांचं जैविक वय, म्हणजे शरीर किती झिजलंय ते, मोजलं, तर कुणाचं २८ भरलं, कुणाचं ६१.

व्यायामाचं म्हणाल तर १९९० मध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमवासीयांना ८ आठवडे देखरेखीखाली वजनं उचलायला लावली होती. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. तुम्हाला उशीर झालेला नाही.

आणि आई. माणसांत न मिसळणं हा स्वभाव समजून सोडून देऊ नका. आधी कान तपासा. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. चारचौघांतलं बोलणं नीट कळेनासं होतं, पुन्हापुन्हा विचारायचा संकोच वाटतो, मग माणूस जाणंच टाळतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) टाळता येण्याजोग्या १४ धोक्यांची यादी दिली, तिच्यात श्रवणदोषही आहे आणि एकटेपणही. श्रवणयंत्र लागलं तर पहिले काही आठवडे त्यांना गोंगाट असह्य वाटेल. त्या काळात रोज थोडा वेळ समोरासमोर बसून बोला, आणि यंत्र पेटीत पडून राहणार नाही एवढं बघा. कान ठीक निघाले, तर डॉक्टरांना नैराश्याबद्दल स्पष्ट विचारा.