आधी फळा वाच

अगं, पहिल्यांदाच फ्रेंच बिस्त्रोत, म्हणजे छोट्या साध्या खाणावळीत, जाते आहेस ना? मग बसल्या बसल्या मेनू उघडू नकोस, भिंतीवरचा फळा वाच. बाजारात आज जे चांगलं मिळालं, तेच बहुतेक तिथं खडूनं लिहिलेलं असतं. 'प्ला द्यू जूर', म्हणजे आजचा पदार्थ. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीचे ट्रॉलर बंद असतात, तेव्हा इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, हट्ट धरू नकोस. पावसात कांद्याचं सूप घे. कांदा मंद आचेवर चांगला तपकिरी होईपर्यंत परतलेला, वर पाव आणि वितळलेलं चीज. घाईत केलेलं सूप पहिल्या चमच्यालाच कळतं.

आणि फळ्यावर शिनाणे, म्हणजे काळ्या शिंपल्यांतले मसल्स, दिसले, तर दुसरं काही बघूच नकोस! व्हाइट वाइन, बारीक कांदा, पार्स्ली, बस्स. पहिला शिनाणा काट्यानं काढ, मग त्याच रिकाम्या शिंपलीचा चिमटा करून बाकीचे उचल. तळाचा रस पावानं टिपून घे, तिथं ते वावगं नाही. मला तर तोच घास सगळ्यात आवडतो.

'आंत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य जेवण नव्हे. टेबलं मोजकीच असतात, शनिवारी आधी फोन कर.